सेकंदाचा हजारावा भाग: अटीतटीच्या शर्यतीत कोण जिंकलं हे ठरवतात कसं?

२६ जानेवारीला मेहरूण तलावाच्या कडेच्या रस्त्यावर आमच्या कॉलनीतल्या पोरांची सायकल शर्यत होती. सुट्टीला घरी आलो होतो, म्हणून मीही मोबाइल घेऊन शेवटच्या रेषेपाशी उभा राहिलो. शेवटच्या वीस-पंचवीस मीटरमध्ये माझा भाचा आणि त्याचा वर्गमित्र अगदी बरोबरीने आले. चुन्याची रेषा ओलांडली आणि दोघंही एकदम ओरडले, "मी जिंकलो भो!"

सगळे माझ्याभोवती जमले. मी व्हिडिओ थांबवला, एकेक फ्रेम पुढे सरकवली, झूम केलं. भाच्याचं पुढचं चाक अर्ध्या चाकाने पुढे दिसत होतं. "स्पष्ट दिसतंय की," मी म्हणालो. मी पडलो सॉफ्टवेअर इंजिनिअर, वर हातात व्हिडिओ. वाद कोण घालणार? करंडक भाच्याला मिळाला.

संध्याकाळी कॉलनीच्या ग्रुपवर दुसऱ्या कोणीतरी काढलेला व्हिडिओ आला. तीच शर्यत, तीच रेषा, तोच क्षण. पण त्यात मित्राचं चाक पुढे होतं.

दोन मोबाइल, दोन विजेते. कोणीही एडिटिंग केलेलं नव्हतं. तो मित्र मात्र पुढचे आठ दिवस खेळायला आला नाही. त्या आठ दिवसांत मी जे वाचलं, मोजलं आणि गणित करून बघितलं, ते या लेखात आहे. सुरुवात करूया जगातल्या एका सर्वात अटीतटीच्या शेवटापासून.

कॅन्ससची शर्यत: फरक ०.००१ सेकंद

अमेरिकेत नॅस्कार नावाची मोटार शर्यतींची मालिका आहे. १९४८ साली सुरू झाली. या शर्यतींना 'स्टॉक कार' शर्यती म्हणतात. इथला 'स्टॉक' शेअर बाजारातला नाही. शोरूममध्ये विकायला असलेली साधी गाडी म्हणजे स्टॉक गाडी. सुरुवातीला खरोखरच तशाच गाड्या पळायच्या. आता फक्त बाहेरचं रूप बाजारातल्या गाडीसारखं असतं, आत सगळा शर्यतीचा सांगाडा. मैदान बहुतेक वेळा लंबगोल, गाड्या फेऱ्या मारतात आणि वळणं जवळजवळ नेहमी डावीकडेच.

५ मे २०२४ रोजी कॅन्सस स्पीडवेवर या मालिकेतली ४०० मैलांची शर्यत होती. ४०० मैल म्हणजे सुमारे ६४४ किलोमीटर. जळगावहून मुंबई गाठायची आणि पुन्हा नाशिकच्याही पुढपर्यंत परत यायचं, एवढं अंतर. शेवटच्या काही फेऱ्या राहिलेल्या असताना एक गाडी गिरकी खाऊन थांबली आणि पिवळा झेंडा पडला. पिवळा झेंडा म्हणजे सगळ्यांनी वेग कमी करायचा आणि कोणी कोणाला मागे टाकायचं नाही. अशा संथ अवस्थेत शर्यत संपू नये म्हणून नॅस्कारमध्ये जादा फेऱ्यांचा नियम आहे. त्या जादा फेऱ्यांत काइल लार्सन आणि क्रिस बुशर हे दोघे शेवटच्या वळणातून एकमेकांना घासत बाहेर पडले आणि रेषेवर जोडीनेच पोचले.

टीव्हीच्या पडद्यावर आधी बुशरचं नाव वर दिसलं. त्याच्या बाजूला आनंद सुरू झाला. मग फोटो फिनिशची प्रतिमा तपासली गेली आणि निकाल जाहीर झाला: लार्सन विजयी, फरक ०.००१ सेकंद. नॅस्कारच्या मुख्य मालिकेत १९९३ पासून इलेक्ट्रॉनिक पद्धतीने वेळ मोजतात. तेव्हापासूनचा हा सर्वात कमी फरक. आधीचा विक्रम ०.००२ सेकंदांचा होता आणि तो दोनदा झाला होता: २००३ साली डार्लिंग्टनला रिकी क्रेव्हनने कर्ट बुशला हरवलं तेव्हा, आणि २०११ साली टॅलाडेगाला जिमी जॉन्सनने क्लिंट बोयरला हरवलं तेव्हा.

०.००१ सेकंद म्हणजे किती अंतर? वेग ताशी ३०० किलोमीटर धरू. म्हणजे सेकंदाला सुमारे ८३ मीटर. त्याचा हजारावा भाग, सुमारे ८ सेंटीमीटर. आपली चार बोटं जोडून ठेवा, साधारण तेवढी रुंदी. ६४४ किलोमीटर पळून चार बोटांचा फरक!

आणखी एक गोष्ट. ०.००१ हा पूर्णांकात आणलेला आकडा आहे. खरा फरक ०.०००५ पासून ०.००१५ च्या जवळपास कुठेही असू शकतो, म्हणजे साधारण ४ ते १२ सेंटीमीटर. कुठलंही मोजमाप बघताना त्याच्या शेवटच्या अंकात एवढी ढिलाई असते, हे लक्षात ठेवा.

१९५९: निकालाला तीन दिवस

इलेक्ट्रॉनिक यंत्रं येण्याआधी काय व्हायचं? २२ फेब्रुवारी १९५९ रोजी डेटोना ५०० ही शर्यत पहिल्यांदा झाली. रेषेवर एकदम तीन गाड्या आल्या. त्यातली जो वेदरलीची गाडी एक फेरी मागे होती, त्यामुळे खरी चुरस जॉनी बोशँप आणि ली पेटी या दोघांत. पण तिसरी गाडी शेजारीच असल्याने बघणाऱ्यांचा आणखी गोंधळ उडाला. आधी बोशँपला विजेता घोषित केलं गेलं, त्याने करंडकही घेतला. पेटीने दाद मागितली.

नॅस्कारचे प्रमुख बिल फ्रान्स यांनी मग फोटो आणि चित्रफिती मागवल्या. ज्यांच्या ज्यांच्याकडे त्या क्षणाचं काही असेल ते आणा. शेवटी बातमीपटाच्या चित्रफितीवरून तीन दिवसांनी, बुधवारी, पेटी विजयी असल्याचं जाहीर झालं.

आपल्या ग्रुपवर दोन व्हिडिओ आले आणि वाद पेटला, त्याचीच ही जुनी आवृत्ती. फरक इतकाच की त्यांनी तीन दिवस घेतले आणि मी तीस सेकंद.

मोबाइलचा व्हिडिओ कुठे चुकतो?

चुका चार प्रकारच्या असतात. एकेक बघू.

पहिली, फ्रेम. व्हिडिओ म्हणजे भराभर दाखवलेले फोटो. साधा मोबाइल व्हिडिओ सेकंदाला ३० फोटो काढतो. म्हणजे दोन फोटोंमध्ये साधारण ३३ मिलिसेकंदांची फट. सायकल ताशी २५ किलोमीटरने जात असेल तर त्या फटीत ती २३ सेंटीमीटर पुढे सरकते. कॅन्ससची गाडी पावणेतीन मीटर पुढे जाते. लार्सन आणि बुशर यांच्यातला फरक एक मिलिसेकंदाचा. म्हणजे साध्या व्हिडिओच्या एका फटीत तसे तेहतीस फरक मावतील. २४० फ्रेमच्या स्लो-मोशनमध्ये फट सुमारे ४ मिलिसेकंदांवर येते. सायकलसाठी ३ सेंटीमीटर, गाडीसाठी तरीही ३५ सेंटीमीटर.

इथे एक बारकावा आहे. रेषेच्या आधीच्या फ्रेममध्ये आणि नंतरच्या फ्रेममध्ये एकच जण तेवढाच पुढे असेल, तर मधल्या क्षणीही तोच पुढे असणार. फ्रेम हुकली तरी निकाल बदलत नाही. अडचण येते ती मागचा जोरात पुढे येत असेल तेव्हा. आधीच्या फ्रेममध्ये 'अ' पुढे, नंतरच्या फ्रेममध्ये 'ब' पुढे, आणि रेषा त्या दोन्हींच्या मधे. कोण आधी? व्हिडिओला माहीतच नाही. आणि चुरशीच्या शर्यतीत नेमकं असंच होतं.

दुसरी, धूसरपणा. एकेक फोटो काढायलाही वेळ लागतो. उन्हात शटर सेकंदाच्या हजाराव्या भागापुरतं उघडतं, तेव्हा आपली सायकल एक सेंटीमीटरही हलत नाही. पण संध्याकाळी तेच शटर सेकंदाच्या साठाव्या भागाइतकं उघडं राहिलं, तर चाक ११-१२ सेंटीमीटर पसरलेलं दिसतं. चाकाची कड कुठे संपते तेच कळत नाही. वर अंधार पडला की काही मोबाइल स्वतःहून फ्रेमची संख्याही कमी करतात, तुम्हाला न विचारता.

तिसरी, ओळीओळीने वाचन. मोबाइलचा सेन्सर संपूर्ण चित्र एकदम टिपत नाही. ओळ क्रमांक एक, मग दोन, मग तीन असं वाचत जातो. या सगळ्याला काही मिलिसेकंद लागतात. म्हणून चालत्या गाडीतून बाहेरचे खांब तिरके दिसतात. मोबाइल उभा धरला तर या ओळी शर्यतीच्या दिशेला आडव्या येतात आणि पुढचा-मागचा स्पर्धक वेगवेगळ्या क्षणी टिपले जातात. मोबाइल आडवा धरला तर ही चूक बरीच कमी होते.

चौथी, आणि सर्वात मोठी, कोन. माझं चुकलं ते इथेच.

समजा रस्त्यावर दोन सायकली. जवळची माझ्यापासून ४ मीटरवर, लांबची ६ मीटरवर. मी रेषेच्या नेमका समोर उभा असेन, तर माझी नजर रेषेवरूनच जाईल आणि जे दिसेल ते खरं असेल. पण मी रेषेच्या १ मीटर पुढे उभा होतो. म्हणजे माझी नजर तिरकी. जवळची सायकल रेषेवर असताना, तिच्या चाकाला लागून जाणारी माझी नजर पुढे लांबच्या सायकलपर्यंत पोचते तेव्हा ती रेषेच्या अर्धा मीटर मागे गेलेली असते. म्हणजे लांबची सायकल प्रत्यक्षात अर्धा मीटर मागे असली, तरी मला दोघं बरोबरीत दिसणार!

सूत्र सोपं आहे. दोन सायकलींमधलं आडवं अंतर भागिले जवळच्या सायकलचं माझ्यापासूनचं अंतर, गुणिले मी रेषेपासून किती सरकलो होतो ते. माझ्या बाबतीत २ भागिले ४, गुणिले १. उत्तर अर्धा मीटर.

रेषेच्या पुढे उभं राहिलं की लांबचा पुढे दिसतो. रेषेच्या अलीकडे उभं राहिलं की जवळचा पुढे दिसतो. माझा भाचा लांबच्या बाजूला होता आणि मी रेषेच्या पुढे. दुसरा व्हिडिओ काढणारा त्याच बाजूला, पण रेषेच्या अलीकडे होता. दोन मोबाइल, दोन विजेते, आणि दोन्ही मोबाइल आपापल्या जागेवरून खरं तेच दाखवत होते.

क्रिकेटमध्ये रनआउटचा कॅमेरा क्रीजच्या बरोबर रेषेत का लावतात, याचं उत्तरही हेच. स्टेडियममध्ये तिरकं बसून "आउट होता राव" म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

मोठ्या शर्यतीत काय वापरतात?

दोन साधनं जोडीने काम करतात: ट्रान्सपाँडर आणि फोटो फिनिश कॅमेरा.

ट्रान्सपाँडर म्हणजे गाडीत बसवलेला छोटा प्रक्षेपक. तो आपला क्रमांक सतत पाठवत असतो. रेषेखाली डांबरात तारेचं वेटोळं पुरलेलं असतं. गाडी जवळ येते तसा संकेत वाढतो, गाडी वरून जाताना सर्वात जास्त होतो आणि मग घटतो. तो सर्वोच्च क्षण म्हणजे गाडीने रेषा ओलांडल्याची वेळ. ओळखीचं उदाहरण द्यायचं तर टोलनाक्यावरचा फास्टॅग. 'ही गाडी आली' हे गाडी न थांबवता कळणं, एवढं दोन्हींत सारखं. पण फास्टॅगमध्ये स्वतःची बॅटरी नसते, नाक्यावरच्या यंत्राच्या लहरींवरच तो चालतो आणि त्याला मिलिसेकंदाची गरजही नसते. मॅरेथॉनमध्ये छातीवरच्या नंबराला लावलेली चिपही याच घराण्यातली.

ट्रान्सपाँडरची मर्यादा कोणती? तो स्वतःची जागा मोजतो, गाडीच्या नाकाची नाही. एका गाडीत तो दोन बोटं पुढे बसला आणि दुसरीत दोन बोटं मागे, तर मिळून चार बोटांचा फरक झाला. म्हणजे कॅन्ससचा अख्खा निकालच! म्हणून तो प्रत्येक गाडीत ठरलेल्या जागीच बसवावा लागतो, आणि इतक्या जवळच्या शेवटाला त्याच्या जोडीला कॅमेरा लागतोच.

फोटो फिनिश कॅमेरा हा आपल्या मोबाइलसारखा मुळीच नसतो. मला सर्वात जास्त गंमत याच्यात वाटली. हा कॅमेरा बरोबर रेषेवर रोखलेला असतो आणि त्याला फक्त ती रेषाच दिसते. दाराच्या फटीतून रस्ता बघावा तसं. त्या फटीतून दिसणारी उभी पट्टी तो सेकंदाला हजारो वेळा टिपतो आणि पट्ट्या एकमेकींशेजारी चिकटवत जातो. त्यातून जे तयार होतं ते फोटोसारखं दिसतं, पण फोटो नसतं. साध्या फोटोत डावी-उजवी बाजू म्हणजे जागा. इथे डावी-उजवी बाजू म्हणजे वेळ.

नीट विचार करा. त्या चित्रातली प्रत्येक गोष्ट रेषेवरच आहे, फक्त वेगवेगळ्या क्षणी. ज्याचं नाक चित्रात आधी, तो रेषेवर आधी. फ्रेममधली फट जवळजवळ उरत नाही, आणि कॅमेरा रेषेतच बसवलेला असल्याने कोनाची चूकही उरत नाही. मात्र चित्र विचित्र दिसतं. मागचा देखावा आडव्या पट्ट्यांसारखा होतो, कारण तीच पट्टी पुन्हा पुन्हा टिपली जाते. धावपटूचं पाऊल नेमकं रेषेवर टेकलं तर ते लांबच लांब ताणलेलं दिसतं, कारण ते तिथे जास्त वेळ थांबलं.

पॅरिस ऑलिंपिकमध्ये २०२४ साली ओमेगाने वापरलेला असा कॅमेरा सेकंदाला ४०,००० पट्ट्या टिपू शकत होता. ताशी ३०० किलोमीटरच्या गाडीसाठी हे गणित केलं तर दर पट्टीला गाडी सुमारे २ मिलिमीटर सरकते. त्याच ऑलिंपिकमध्ये ४ ऑगस्टला पुरुषांची १०० मीटर शर्यत झाली. नोआ लाइल्स आणि किशेन थॉम्पसन दोघांचीही वेळ ९.७९ सेकंद. हजाराव्या भागापर्यंत मोजल्यावर लाइल्स ९.७८४, थॉम्पसन ९.७८९.

त्या चित्रात थॉम्पसनचं पाऊल लाइल्सच्या आधी रेषेवर दिसतं. तरी सुवर्ण लाइल्सला. कारण धावण्याच्या शर्यतीत धड मोजतात. पाय, हात, डोकं नाही. घोड्यांच्या शर्यतीत नाक मोजतात. सायकलच्या शर्यतीत पुढच्या टायरची पुढची कड. यंत्र कितीही भारी असलं तरी 'काय मोजायचं' हे माणसांनी आधी ठरवावं लागतं.

आपल्या बैलगाडा शर्यतीचं काय?

आपल्याकडे रेषेवरच्या फरकावरून जीव खालीवर होतो तो बैलगाडा शर्यतीत. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने जल्लिकट्टू आणि बैलगाडा शर्यतींवर बंदी आली. महाराष्ट्राने २०१७ साली कायदा बदलला, पण शर्यती न्यायालयात अडकूनच राहिल्या. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटींसह परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने राज्यांचे कायदे वैध ठरवले. शर्यती परत आल्या आणि सोबत मोबाइल, ड्रोन आणि लाइव्ह प्रक्षेपणही आलं.

मोजण्याच्या दृष्टीने या शर्यतींचे दोन प्रकार पडतात. पुणे जिल्ह्यातल्या घाटांवर एकेक गाडा पळतो आणि प्रत्येकाचे सेकंद मोजतात. साताऱ्या-सांगलीकडे अनेक गाड्या एकदम सुटतात आणि रेषेवर आधी कोण ते बघतात. दोन्हीकडे चुकीची जागा वेगळी.

एकेक गाडा मोजताना चूक घड्याळाची. हाताने स्टॉपवॉच दाबणाऱ्या माणसाला डोळ्यांनी बघून बोट दाबायला साधारण ०.२ सेकंद लागतात, आणि हा उशीर दर वेळी सारखा नसतो. बैलजोडी ताशी ४० किलोमीटरने येत असेल तर ०.२ सेकंदात ती दोन मीटरपेक्षा जास्त पळते. म्हणून हाताच्या घड्याळावर ११.४२ आणि ११.४५ असा फरक दिसला तर त्याला अर्थ नाही. सुरुवातीला आणि शेवटी प्रकाशकिरण तुटल्यावर आपोआप चालू-बंद होणारं सेन्सरचं घड्याळ हवं.

एकदम सुटणाऱ्या गाड्यांत घड्याळ लागत नाही, पण कोनाची चूक पूर्ण ताकदीने येते. गाड्यांमध्ये आडवं अंतर जास्त, आणि गर्दी रेषेच्या पुढेमागे वाट्टेल तिथे उभी. त्या गर्दीतल्या शंभर मोबाइलमधून शंभर निकाल निघाले तर नवल नाही. लाखाच्या बक्षिसापेक्षाही इथे मालकाची वर्षभराची मेहनत असते, गावाचा मान असतो. तिरका व्हिडिओ फॉरवर्ड करून "बघा, कसं फसवलं" लिहिण्याआधी तो कुठे उभं राहून काढलाय, एवढं तरी विचारा.

जीपीएस ॲपवरून ठरवता येईल का?

नाही. मोबाइलचं जीपीएस साधारणपणे सेकंदाला एकदा जागा सांगतं आणि उघड्या आकाशाखालीही त्यात काही मीटरची चूक असते. तलावाला फेरी किती मिनिटांत मारली हे बघायला ते उत्तम. पण चाकभर फरकाने कोण पुढे, हा प्रश्न त्याला विचारूच नये.

गॅदरिंगला, कॉलनीत शर्यत असेल तर एवढं करा

१. आधी ठरवा की काय मोजायचं. सायकल असेल तर पुढच्या टायरची कड, धावणं असेल तर धड. शर्यतीआधी सगळ्यांना सांगा.

२. रेषेच्या दोन्ही टोकांना एकेक काठी उभी रोवा. मोबाइलमधून बघताना जवळच्या काठीआड लांबची काठी पूर्ण लपली पाहिजे. लपली म्हणजे तुम्ही बरोबर रेषेत आहात. कोनाची चूक जवळजवळ संपली. ही एक गोष्ट केली तरी निम्मं काम झालं.

३. जमेल तेवढं मागे सरका आणि झूम करा. १ मीटर सरकल्याने ४ मीटरवरून अर्ध्या मीटरची चूक होते; तेवढंच सरकून १० मीटरवरून ती २० सेंटीमीटरवर येते.

४. मोबाइल आडवा, ट्रायपॉडवर किंवा विटांच्या आधाराने पक्का. हातात नको. थोडा उंचावर ठेवा, म्हणजे जवळचा स्पर्धक लांबच्याला झाकणार नाही.

५. स्लो-मोशन लावा, १२० किंवा २४० फ्रेम. शर्यत उजेडात घ्या.

६. मूळ फाइल जपून ठेवा. व्हॉट्सॲपवर पाठवलेला व्हिडिओ दाबून लहान केलेला असतो, त्यावरून निकाल देऊ नका.

७. आणि हे सर्वात महत्त्वाचं: तुमच्या मांडणीत किती फरक ओळखता येतो हे आधीच लिहून ठेवा. उदाहरणार्थ, 'पाच सेंटीमीटरपेक्षा कमी फरक असेल तर दोघंही विजेते.' निकालानंतर असं म्हटलं की ती पळवाट वाटते. आधी म्हटलं की तो नियम होतो.

आमच्या शर्यतीचं काय झालं?

मी परत त्या जागेवर गेलो, टेपने अंतरं मोजली आणि दोन्ही व्हिडिओंतली कोनाची चूक वजा केली. माझ्या व्हिडिओत भाचा साधारण ३० सेंटीमीटर पुढे दिसत होता आणि चूक होती ५० सेंटीमीटरची, त्याच्याच बाजूने. म्हणजे पारडं मित्राकडे झुकतं. पण मी नेमका १ मीटरच पुढे उभा होतो की पाऊण, हे मला छातीठोकपणे सांगता येत नाही. पाऊण मीटर धरला तरी भाचा पुढे राहत नाही, अर्धा धरला तर पाच सेंटीमीटरने राहतो. थोडक्यात, त्या दिवशी "स्पष्ट दिसतंय" म्हणायचा मला काही अधिकार नव्हता.

आधी भाच्याला कागदावर आकृती काढून दाखवली. त्याने दोनदा विचारलं, "पण मामा, व्हिडिओत तर मीच पुढे आहे ना?" मग काठ्या आणि दोन सायकली घेऊन अंगणात करून दाखवलं, तेव्हा गप्प झाला. थोड्या वेळाने स्वतःच म्हणाला, चला, त्याच्या घरी जाऊ.

मित्राच्या घरी त्याच्या आईने बोरं पुढे ठेवली. मी तीच आकृती पुन्हा काढली आणि निकाल चुकीच्या जागेवरून दिला होता हे सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग काका, तुम्ही तेव्हाच का नाही बोलले?"

मी म्हणालो, तेव्हा मला माहीतच नव्हतं की माझ्या मोबाइलला काय दिसत नाही.

करंडक आता सहा महिने एकाकडे, सहा महिने दुसऱ्याकडे राहणार आहे. पुढच्या वर्षीसाठी दोन काठ्या मात्र मी आत्ताच रंगवून ठेवल्यात.